कढीलिंबावरचा बहुरूपी



१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने प्राणिमात्रांच्या नावांच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. त्या ग्रंथात आशियातल्या एका काळ्या फुलपाखराला त्याने 'पॅपिलिओ पॅम्मॉन' असे नाव दिले, आणि दुसऱ्या एका काळ्या फुलपाखराला 'पॅपिलिओ पॉलिटेस'. तिसरे एक होते, त्याचे नाव 'हेक्टर'. लिनियसला ट्रॉयच्या युद्धाचा फार नाद. हेक्टर, पॉलिटेस, पॅम्मॉन ही तिन्ही नावे ट्रॉयच्या राजा प्रायमच्या मुलांची. पुढे १७७५ मध्ये हॉलंडच्या क्रेमरने आणखी एकाचे बारसे केले आणि त्याला रोमच्या संस्थापकाचे, 'रोम्युलस' हे नाव दिले. चार फुलपाखरे, चार नावे, चार जाती. कपाटात टाचण्या टोचून चारही नीट लागली आणि शंभर वर्षे तशीच राहिली.

त्यांतली पॅम्मॉन, पॉलिटेस आणि रोम्युलस ही एकाच घरातली माणसे निघाली. पॅम्मॉन हा नवरा, आणि उरलेल्या दोघी त्याच्या बायका. बायकांचा तिसराही एक प्रकार होता. ती हुबेहूब नवऱ्यासारखी दिसत असल्याने तिला वेगळे नाव द्यायचे कोणाला सुचलेच नव्हते. मागाहून आलेल्या इंग्रज साहेबांनी या फुलपाखराचे नाव 'कॉमन मॉर्मन' ठेवले. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात त्या काळी बहुपत्नीत्वाची चाल होती, तिच्यावरून केलेला हा विनोद. मला तो फारसा रुचत नाही, म्हणून आजच्या व्याख्यानात मी त्याला आपला 'बहुरूपी' म्हणणार आहे. लहानपणी दारात खाकी गणवेश घालून येणारा आणि खोटेच वॉरंट काढणारा बहुरूपी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे नाव योग्य वाटेल.

साहित्याच्या व्यासपीठावर फुलपाखराचे काय काम, असे एका ज्येष्ठ सभासदांनी मला आधीच विचारले आहे. उत्तर इतकेच, की हे फुलपाखरू परके नाही. बेळगावात ज्याच्या परसात कढीलिंबाचे किंवा लिंबाचे झाड आहे, त्याच्या घरी ते जन्माला येते. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा पांढरट-तपकिरी ठिपका दिसला की गृहिणी तो झटकून टाकते, पण तीच याची कोवळी अळी. मोठी झाली की ती हिरवी होते. नराच्या पंखांचा रंग काळा, आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ. पहिल्या प्रकारची मादी तशीच. दुसरीच्या मागच्या पंखांवर मध्ये पांढरा डाग आणि कडेला लालसर चंद्रकोरी. तिसरीच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यांवर लालभडक ठिपके. एकाच आईच्या अंड्यांतून या तिन्ही तऱ्हा निघू शकतात. असे का, आणि कसे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माणसांची दीडशे वर्षे गेली. त्या शोधाचाच हा इतिहास आहे.

आरंभ ब्राझीलमध्ये होतो. इंग्लंडातल्या लेस्टर गावी हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा एक मुलगा मोज्यांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करत असे. आल्फ्रेड रसेल वॉलेस याच्याशी त्याची मैत्री जमली आणि १८४८ साली दोघे ॲमेझॉनच्या जंगलात निघाले. पदवी नाही, सरकारी नोकरी नाही. कीटक पकडायचे, लंडनला पाठवायचे आणि विक्रीच्या पैशांवर पुढचे महिने काढायचे. वॉलेस चार वर्षांनी परतला. परतीच्या प्रवासात जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह समुद्रात गेला. बेट्स मात्र अकरा वर्षे राहिला आणि १८५९ मध्ये, म्हणजे डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मायदेशी आला.

बेट्सने जंगलात एक गोष्ट वारंवार पाहिली होती. काही फुलपाखरे भडक रंगांची, संथ उडणारी, उघड्यावर निर्धास्त फिरणारी असत. पक्षी त्यांच्या वाटेला जात नसत. त्यांच्या थव्यात मधूनच एखादे असे निघे, की रंग तोच, उडण्याची ढब तीच, पण हातात घेऊन पाय आणि शिरा तपासल्या तर कुळ अगदी निराळे. १८६१ च्या अखेरीस लिनियन सोसायटीत वाचलेल्या आणि पुढच्या वर्षी छापलेल्या निबंधात त्याने त्याचा अर्थ लावला. पहिले फुलपाखरू बेचव किंवा विषारी आहे. दुसरे खाण्याजोगे आहे, पण पहिल्याचे सोंग घेऊन वाचते. पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांनी कमी साम्य असणारी टिपली, जास्त साम्य असणारी सोडली, आणि सोंग वठत गेले. नैसर्गिक निवडीचा इतका ढळढळीत दाखला डार्विनलाही तोवर मिळाला नव्हता, आणि त्याने बेट्सची बाजू उघडपणे घेतली.

विष कुठून येते, हा भाग आम्हा औषधवाल्यांच्या जिव्हाळ्याचा. बहुतेक वेळा ते अळीने खाल्लेल्या पानातून येते. रुईच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अंगात डिजिटॅलिसच्या जातीची, हृदयावर काम करणारी द्रव्ये साठतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत लिंकन ब्राउअर यांनी अशी फुलपाखरे ब्लू जे पक्ष्यांना खायला घातली. पक्ष्याने खाल्ले, थोड्या वेळाने ओकले, आणि नंतर तसले फुलपाखरू समोर ठेवले तरी तोंड फिरवले. आमच्या बहुरूप्याच्या माद्या ज्यांचे सोंग घेतात त्या दोन फुलपाखरांना 'कॉमन रोझ' आणि 'क्रिमझन रोझ' म्हणतात. क्रिमझन रोझ म्हणजेच लिनियसचा हेक्टर. या दोन्हींच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. हिलाच कोणी सापसंद म्हणतात. सर्पदंशावर देतात म्हणून जुन्या वैदूंच्या झोळीत ती असायचीच.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण दवाखान्यात मी हे रोज ऐकतो: झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार? ईश्वरीच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९३ मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी जाहीर केले, की ब्रुसेल्सच्या एका केंद्रात वजन उतरवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. एका वनस्पतीच्या जागी चुकून या कुळातली दुसरी पडली होती. पुढे त्यांतल्या कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. पक्षी त्या लाल ठिपक्यांपासून दूर राहतो, त्यामागे असे कारण आहे. ईश्वरीचा काढा कोणी सांगितला तर घेऊ नका, एवढे तरी आजच्या व्याख्यानातून घरी न्या.

वॉलेसकडे वळू. आगीत सर्वस्व गमावून तो दोन वर्षांतच पुन्हा निघाला, या वेळी मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांकडे, आणि आठ वर्षे तिथे हिंडला. परतल्यावर त्याने त्या प्रदेशातल्या पुच्छधारी फुलपाखरांवर मोठा निबंध लिहिला. तो १८६५ सालचा म्हणून ओळखला जातो. पॅम्मॉन, पॉलिटेस आणि रोम्युलस हे एकाच संसारातले, हे त्याने त्यात मांडले. त्याच्या ध्यानात आलेली आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोम्युलसचे रूप भारतात आणि सिलोनमध्येच सापडते, आणि हेक्टरही नेमका तिथेच राहतो. बहुरूप्याची जात पुढे चीन-जपानच्या दिशेने दूरवर पसरली आहे, पण जिथे हेक्टर नाही तिथे त्याचे सोंगही नाही. ज्याचे वॉरंट पाहून कोणी भिणार नाही अशा गावात बहुरूपी कशाला जाईल?

सोंग बायकांनीच का घ्यावे, यावरही वॉलेसने विचार केला होता. अंड्यांच्या भाराने मादी जड असते, अंडी घालायला पानापानावर रेंगाळते, तिला धोका जास्त. नराने रूप बदलले तर मादीच त्याला ओळखणार नाही, असा दुसरा एक तर्क पुढे टॉमस बेल्टने मांडला. दोन्ही कारणे एकदम खरी असायला हरकत नाही.

आपल्या बाजूला हे काम कोणी केले तेही सांगितले पाहिजे. मुंबईत १८८३ मध्ये नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली आणि तिच्या नियतकालिकात आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातली फुलपाखरे १८९६ पासून क्रमाने छापली गेली. लेखक तिघे. कलेक्टर डेव्हिडसन, जंगलखात्याचे बेल, आणि मीठ व जकात खात्याचे एटकिन. हे एटकिन म्हणजे 'ईहा' या टोपणनावाने विनोदी निसर्गलेख लिहिणारे गृहस्थ. जन्म साताऱ्याचा, आणि तरुणपणी काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलेली. तिघांनी अळ्या घरी आणून वाढवल्या, कोणती कोणत्या झाडावर जगते ते टिपून ठेवले. बेल तर निवृत्तीनंतर कारवारातच राहिले आणि १९४८ साली तिथेच वारले. युरोपातल्या संग्रहालयात पंख मोजणारे पंडित पुष्कळ होते. अंडे, अळी, कोष आणि पंख यांची सांगड घालणारी माणसे मात्र अशी जकातीच्या नाक्यावर आणि जंगलाच्या बंगल्यात बसलेली होती. मी ज्या संस्कारात वाढलो त्यात टाचणी टोचलेले फुलपाखरू पाहवत नाही. पण सरसकट मारून कपाट भरणे वेगळे आणि अंड्यापासून पाळून त्याचे जीवन लिहून काढणे वेगळे, हा फरक मी करतो.

असे का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. कसे, हा प्रश्न अडून राहिला, कारण आनुवंशिकतेचे नियम कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या वर्षाचा वॉलेसचा निबंध, त्याच १८६५ मध्ये ब्रुन गावच्या मठात मेंडेलने वाटाण्यांवरचे आपले प्रयोग वाचून दाखवले होते, पण ते १९०० पर्यंत धूळ खात पडले. ते बाहेर आल्यावर दहा-बारा वर्षांतच जॉन फ्रायर नावाच्या तरुण इंग्रजाने सिलोनात आमच्या बहुरूप्याची वंशावळ पाळायला घेतली. कोणत्या आईची, कोणत्या बापाची किती लेकरे, मुली कोणत्या रूपाच्या, हे पिढीमागून पिढी लिहीत गेला. लहान मुलांच्या जन्मपत्रिका ठेवाव्यात तशी त्याची पाने आहेत.

फ्रायरला आढळले ते असे. सोंग घेण्याचा गुण मेंडेलच्या नियमाने चालतो आणि तो प्रभावी आहे. म्हणजे आई किंवा बाप, एकाकडून जरी तो आला तरी मुलगी सोंगाडी होते. दोन्हींकडून न आला तर ती नरासारखी साधी. मुलगे मात्र गुण असो नसो, सारखेच दिसतात. त्यामुळे साध्या रूपाची आई घेतली आणि तिचा जोडीदार अंगात गुणाची एक प्रत लपवून असला, तर निम्म्या मुली आईसारख्या आणि निम्म्या सोंगाड्या निघतात. बापाच्या अंगावर त्या रूपाची खूण नसते आणि लेकीला ते त्याच्याकडून आलेले असते. माणसातही असे घडते. काही घराण्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बापाकडून मुलीला येतो आणि बाप ठणठणीत असतो. मी रुग्णाचा कुलवृत्तान्त विचारताना वडिलांकडच्या आत्यांची चौकशी करतो ती यासाठी. फ्रायरच्या मते बहुरूप्यात दोन घटक होते. पहिला साध्या मादीला कॉमन रोझचे रूप देतो, आणि दुसरा, पहिला हजर असेल तरच, त्या रूपाचे हेक्टरच्या रूपात परिवर्तन करतो.

या पानांवरून मोठे भांडण लागले. केंब्रिजचे प्राध्यापक रेजिनाल्ड पनेट, ज्यांच्या नावाचा चौकोन आजही अकरावी-बारावीची मुले वहीत काढतात, त्यांनी १९१५ साली फुलपाखरांच्या नकलेवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: साधी मादी आणि सोंगाडी मादी यांच्यामध्ये अर्धवट सोंगाच्या पायऱ्या सापडत नाहीत. प्रजननातही एक घटक इकडचा तिकडे झाला की संपूर्ण रूप पालटते. मग पक्ष्यांनी कण कण निवडून सोंग घडवले, ही डार्विनवाद्यांची गोष्ट कशाला हवी? रूप एका झटक्यात, उत्परिवर्तनाने आले. निवडीने फार तर ते टिकवले. ऑक्सफर्डचे पोल्टन आणि त्यांचे अनुयायी खवळले. पंखावरचा पांढरा डाग, कडेच्या चंद्रकोरी, उडण्याची ढब, हे सगळे एका अपघातात नेमके दुसऱ्या फुलपाखरासारखे जुळून यावे, हे त्यांना पटेना.

पनेट यांच्या पुस्तकाच्या शेवटी नॉर्टन नावाच्या गणितज्ञाने केलेले एक कोष्टक आहे. एखाद्या गुणाचा थोडासा फायदा असला तर तो किती पिढ्यांत जातभर पसरेल, याचा हिशोब त्यात मांडला आहे. भांडणाच्या धुरळ्यात ते पान थोड्यांनीच वाचले. वाचणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते, आणि नैसर्गिक निवडीचे गणित त्यांनी पुढे जन्मभर केले. हेच हाल्डेन उतारवयात भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

पनेटना खरे उत्तर दिले ते रोनाल्ड फिशर यांनी, १९२७ च्या निबंधात आणि १९३० च्या ग्रंथात. फिशर म्हणाले, घटक एक आहे याचा अर्थ रूप एका झटक्यात झाले असा होत नाही. तो घटक म्हणजे विजेचे बटण समजा. बटण दाबल्यावर घरभर दिवे लागतात, पण दिव्यांची जोडणी बटणाने केलेली नसते. ती हळूहळू, खोलीखोलीतून झालेली असते. (बटणाचे हे स्पष्टीकरण मी माझ्या शब्दांत केले आहे.) त्यांनी दाखला दिला तो लिंगभेदाचा. नर की मादी हे एका साध्या घटकाने ठरते, म्हणून स्त्रीपुरुषांतले सारे फरक एका रात्रीत झाले असे कोणी म्हणत नाही. हा दाखला लक्षात ठेवा. ऐंशी वर्षांनंतर तो अशा रीतीने खरा ठरणार होता, की फिशरनाही कल्पना नसावी. तरी वाद मिटला नाही. १९४५ मध्ये रिचर्ड गोल्डश्मिटसारख्या नामवंताने पुन्हा पनेटच्याच बाजूने लेखणी उचलली.

आता मी ज्या माणसासाठी हा विषय घेतला तो येतो. सिरिल क्लार्क, जन्म १९०७, गाव लेस्टर, म्हणजे बेट्सचेच. धंद्याने वैद्य, लिव्हरपूलच्या रुग्णालयात फिजिशियन, दुसऱ्या महायुद्धात आरमारात डॉक्टर. लहानपणापासून फुलपाखरांचे वेड, ते प्रौढपणी पुन्हा उसळले. पुच्छधारी फुलपाखरे पिंजऱ्यात सहसा जोडी जमवत नाहीत. क्लार्कने नर-मादी हातात धरून त्यांचे मीलन घडवण्याची रीत बसवली. त्यामुळे हवा तो संकर करता येऊ लागला. कीटकप्रेमींच्या मासिकातल्या जाहिरातीवरून त्याची गाठ फिलिप शेपर्ड या आनुवंशिकीच्या तरुण शास्त्रज्ञाशी पडली. शेपर्ड युद्धात हवाई दलात होता आणि काही वर्षे जर्मनांच्या छावणीत कैदी म्हणून काढून आलेला. एक हौशी डॉक्टर आणि एक पदवीधर शास्त्रज्ञ, दोघांनी घराच्या काचघरात हजारो फुलपाखरे वाढवली. आफ्रिकेचा डार्डॅनस, आग्नेय आशियाचा मेम्नॉन, आणि आमचा बहुरूपी. १९७२ च्या निबंधात त्यांनी फ्रायरची दुरुस्ती केली: घटक दोन ठिकाणी नाहीत, गुणसूत्रावर जागा एकच आहे, तिचे पर्याय वेगवेगळे. इतर जातींत मिळालेल्या पुराव्यांवरून त्यांचे मत असे झाले, की अशा एका जागी बहुधा अनेक जनुके खेटून बसलेली असतात, एक पंखाच्या रंगाचे, एक शेपटीचे, असे. आणि ती एकगठ्ठा वारशाने जातात. याला सुपरजीन म्हणतात, आपण महाजनुक म्हणू.

याच कल्पनेने क्लार्कला फुलपाखरांवरून बाळंतिणींच्या खाटेपर्यंत नेले. रक्तातल्या आरएच गटाचा वारसा तीन खेटून बसलेल्या जनुकांनी ठरतो, असे फिशर आणि रेस यांनी १९४० च्या दशकात मांडले होते. (प्रत्यक्षात ती दोन निघाली.) फुलपाखरातल्या महाजनुकाशी हे किती जुळते, असे क्लार्क आणि शेपर्ड यांना वाटले आणि लिव्हरपूलच्या विभागात रक्तगटांचा अभ्यास सुरू झाला.

आरएच निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह मूल, ही अडचण आजच्या तरुण पिढीला नावानेच माहीत आहे. पहिले मूल बहुधा सुखरूप होते. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते, आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवायला शिकते, आणि पुढचे मूल पोटात असतानाच त्याच्या रक्तपेशी फुटू लागतात. मूल सुजून मृत जन्मते, नाहीतर जन्मतःच पिवळे पडून मेंदूला इजा होते. घरोघरी 'तिला एकच जगले, पुढची राहिली नाहीत' असे ज्या बायांबद्दल म्हणत, त्यांतल्या काही तरी या कारणाच्या असणार. युरोपात शंभरात सुमारे पंधरा माणसे आरएच निगेटिव्ह, आपल्याकडे पाचांच्या आसपास.

एक गोष्ट आधीच माहीत होती. आई 'ओ' गटाची आणि मूल 'ए' गटाचे असेल तर हा त्रास क्वचित होतो, कारण मुलाच्या पेशी आईच्या रक्तात आल्याबरोबर तिथली आधीचीच प्रतिद्रव्ये त्यांचा फडशा पाडतात. शरीराला आरएच शिकायला वेळच मिळत नाही. क्लार्कचा सहकारी रोनाल्ड फिन याने १९६० मध्ये सुचवले, की निसर्गाच्या या युक्तीची आपण नक्कल करू. प्रसूतीनंतर लगेच आईला बाहेरून आरएचविरोधी प्रतिद्रव्य टोचू. शिकू नये म्हणून तेच प्रतिद्रव्य द्यायचे, हे ऐकायला उलटे वाटते. क्लार्कच्या पत्नीनेही रात्री जागी करून हेच सुचवले होते, असे क्लार्क पुढे सांगत असे. आधी पुरुष स्वयंसेवकांवर पाहिले, मग मातांवर. न्यूयॉर्कला फ्रेडा, गोर्मन आणि पोलॅक हे तिघे स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. १९६८ पासून हे इंजेक्शन वापरात आले आणि १९८० साली या पाचही जणांना लास्कर पारितोषिक मिळाले.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे आणि 'सम' या शब्दाशी माझे जुने नाते आहे. पण इथे कोणताही घोळ नको. निगेटिव्ह गटाची गरोदर बाई माझ्याकडे आली तर मी तिला पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवतो आणि अँटी-डी चे इंजेक्शन बहात्तर तासांच्या आत झाले की नाही, हे बाळंतपणानंतर आठवणीने विचारतो. गर्भपात झाला तरीही ते लागते. हे पुष्कळांना माहीत नसते, आणि सासरची मंडळी 'आता कशाला खर्च' म्हणतात. माझ्या पेटीतल्या साबुदाण्याच्या गोळ्यांत याला पर्याय नाही. इतकी बाळे वाचवणारा उपाय फुलपाखरांच्या नादी लागलेल्या एका डॉक्टरच्या विभागात जन्मला, हे आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात कोणी सांगितले नव्हते.

क्लार्क २००० साली वारला. तोवर महाजनुकाच्या आत नक्की काय आहे ते कोणी पाहिले नव्हते. मार्च २०१४ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात निबंध आला. पहिले नाव कृष्णमेघ कुंटे. हे पुण्यात शिकलेले, द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवर पुस्तक लिहिलेले आणि आता बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करणारे आपले शास्त्रज्ञ. शिकागोच्या मार्कस क्रॉनफोर्स्ट यांच्या गटाबरोबर त्यांनी बहुरूप्याचे संकर केले, जनुकांचा नकाशा काढत काढत जागा आखडत आणली, आणि तिथे अनेक जनुकांचा गठ्ठा नसून कामाचे जनुक एकच असल्याचे दाखवले. त्याचे नाव डबलसेक्स. फळमाशीत ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. नराचे शरीर नराचे आणि मादीचे मादीचे कसे व्हावे, हे ते ठरवते. एकाच कापडाचे नरात एक तऱ्हेने तुकडे जोडले जातात आणि मादीत दुसऱ्या. फिशरनी दाखला म्हणून जो लिंगभेद सांगितला होता, त्याचेच बटण बहुरूप्याने सोंगासाठी वापरात आणले होते. सोंग बायकांच्याच अंगावर का उमटते, याचाही यातून उलगडा होतो.

पुढच्या वर्षी टोकियोच्या फुजिवारा यांच्या गटाने या जागेचे आणखी बारीक वर्णन केले. सोंगाडी प्रत असलेल्या गुणसूत्रावर सुमारे १ लाख ३० हजार अक्षरांचा तुकडा उलटा बसला आहे. माळेतले काही मणी काढून उलट्या क्रमाने ओवावेत तसा. त्यामुळे साध्या प्रतीशी त्याची सरमिसळ होत नाही आणि त्यात साठलेले लहानलहान बदल फुटून विखरत नाहीत. त्यांनी कोषातल्या मादीच्या पंखात ही सोंगाडी प्रत रासायनिक युक्तीने गप्प केली. बाहेर आली तेव्हा त्या पंखावर नरासारखी साधी ठिपक्यांची ओळ उमटली होती.

मग भांडणात जिंकले कोण? जागा एक, जनुक एक, आणि त्याच्या पालटण्याने संपूर्ण रूप पालटते. एवढ्यापुरते पनेट बरोबर होते. पण त्या एका जनुकाच्या दोन प्रतींत एका अपघाताचा फरक नाही, पुष्कळ लहान बदल साठलेले आहेत, ते एकदम झाले असे म्हणवत नाही. तिथे फिशर बरोबर. क्लार्क आणि शेपर्ड यांचा एकगठ्ठा वारसाही खरा, फक्त गठ्ठा जनुकांचा नसून एका जनुकातल्या बदलांचा. माझे स्वतःचे माप फिशरकडे झुकते. पनेटजवळ तपशील पक्के होते. ते ज्या वेगाने निष्कर्षाला पोचले तो मला मान्य नाही. मात्र फ्रायरची ती पाने कोणत्याच पक्षाला खोडता आली नाहीत.

बाकीच्या फुलपाखरांत काय घडले ते धावते सांगतो. आफ्रिकेच्या डार्डॅनसमध्ये सोंगाची जागा एन्ग्रेल्ड या निराळ्याच जनुकापाशी सापडली. मेम्नॉनमध्ये पुन्हा डबलसेक्सच, पण तिथे तुकडा उलटलेला नाही. बेट्सच्या ॲमेझॉनमधल्या हेलिकोनियस फुलपाखरांत लाल रंगाची जागा ऑप्टिक्स नावाच्या जनुकापाशी, हे २०११ मध्ये कळले. आणि काही जातींनी ही रंगाची नक्षी आपापसांतल्या संकरातून एकमेकींकडून उचलली, हेही दिसले. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला 'ब्लू मॉर्मन' हा आमच्या बहुरूप्याचाच मोठा चुलतभाऊ, पण त्याच्या माद्या कोणाचे सोंग घेत नाहीत.

श्रोत्यांपैकी कोणाला पाऊस सरल्यावर परसात ही मंडळी ओळखायची असतील, तर पंखांकडे पाहून फसाल. पक्षीही तिथेच फसतो. धडाकडे पाहा. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांचे अंग लाल असते. बहुरूप्याच्या मादीने पंखांवर कितीही लाल रंग चढवला तरी तिचे अंग काळेच राहते. आणि ती कढीलिंबावर अंडी घालू लागली, तर दोन-चार पाने तिच्या लेकरांसाठी सोडा.